एकच प्रवचन, चाळीस ठिकाणी: अमेरिकेतल्या 'मल्टि-कॅम्पस' चर्चचा शनिवार-रविवार कसा चालतो?

इन्स्टाग्रामवर असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अंधारलेला हॉल, स्टेजवर निळे-जांभळे लाइट, इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स आणि हात वर करून एका सुरात गाणारी शेकडो माणसं. बघताना कॉन्सर्टच वाटतो. मग कॅप्शनवर नजर जाते आणि कळतं की हे चर्च आहे आणि चालू आहे ती रविवार सकाळची उपासना.

खरी गंमत मात्र त्या व्हिडिओत दिसत नाही. त्याच सकाळी त्याच चर्चच्या दुसऱ्या शहरातल्या इमारतीत दुसरा बँड तसाच कार्यक्रम करत असतो. तिसऱ्या शहरात तिसरा. आणि गाणी संपली की या सगळ्या ठिकाणी मोठ्या पडद्यावर एकच माणूस दिसायला लागतो, तो पुढची अर्धा-पाऊण तास प्रवचन देतो. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना तो माणूस प्रत्यक्ष कधी भेटलेलाही नसतो.

याला म्हणतात मल्टि-कॅम्पस किंवा मल्टि-साइट चर्च. अमेरिकेतली मोठी चर्चेस गेल्या पंचवीस वर्षांत याच पद्धतीने वाढली आहेत.

मल्टि-कॅम्पस म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर चर्च एक, इमारती अनेक. नाव एक, कार्यकारिणी एक, बजेट एक, मुख्य पास्टर एक. प्रत्येक ठिकाणाला 'शाखा' न म्हणता 'कॅम्पस' म्हणतात.

'मग कॅथलिक चर्चचं काय, त्यांचीही गावोगाव चर्चेस असतातच की,' असा प्रश्न पडू शकतो. फरक आहे तो प्रवचनाचा. वसईच्या दोन वेगवेगळ्या पॅरिशमध्ये रविवारी बायबलमधली वाचनं तीच असतात, पण प्रवचन त्या-त्या ठिकाणचे फादर स्वतः तयार करतात. बिशप दर रविवारी पडद्यावर येऊन बोलत नाहीत. व्हिडिओवर चालणाऱ्या मल्टि-कॅम्पस चर्चमध्ये नेमकं तेच होतं.

एक धर्मोपदेशक आणि अनेक ठिकाणच्या मंडळ्या ही कल्पना तशी नवी नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मेथडिस्ट पंथाचे उपदेशक घोड्यावरून गावोगाव फिरायचे आणि एकेका माणसाच्या वाट्याला कितीतरी वस्त्या असायच्या. आपल्याकडे अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं तेव्हाही एकेक मिशनरी आसपासच्या बऱ्याच खेड्यांत जायचा. तेव्हा उपदेशक प्रवास करायचा. आता उपदेशक जागेवर असतो आणि त्याचा व्हिडिओ प्रवास करतो.

अमेरिकेत आठवड्याला सरासरी २००० किंवा त्याहून जास्त लोक उपासनेला येत असतील तर त्या प्रोटेस्टंट चर्चला अभ्यासक 'मेगाचर्च' म्हणतात. २०२० साली झालेल्या पाहणीत अशा मेगाचर्चपैकी साधारण ७० टक्के चर्चेस एकाहून अधिक ठिकाणी भरत असल्याचं दिसलं.

पण इमारत मोठी का बांधत नाहीत?

उत्तर अगदीच व्यवहारी आहे: पार्किंग.

अमेरिकेच्या उपनगरांत चर्चला जाणारं जवळपास प्रत्येक कुटुंब गाडीने येतं. एका वेळी दोन हजार माणसं बसवायची तर कित्येक एकर जागा नुसती गाड्यांसाठी लागते. शिवाय चर्च चालवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. हॉल ८० टक्के भरला की नवीन माणसाला तो 'फुल्ल' वाटतो. चौघांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी चार खुर्च्या मिळत नाहीत आणि ते पुढच्या आठवड्यात येत नाहीत.

मग पहिला उपाय म्हणजे उपासनांची संख्या वाढवायची. रविवारी सकाळी एकाच्या जागी दोन, मग तीन. तेही पुरेना झालं की शनिवार संध्याकाळ. म्हणूनच या चर्चमध्ये 'संडे सर्व्हिस' ऐवजी 'वीकेंड सर्व्हिस' हा शब्द रुळला. शनिवारची उपासना ऐकून नवल वाटायचं कारण नाही. मुंबई-वसईच्या कॅथलिक चर्चमध्येही शनिवारी संध्याकाळची मिस्सा असते आणि ती रविवारची म्हणून धरली जाते.

त्यापुढचा टप्पा म्हणजे दुसरी जागा. सुरुवातीला ती बहुतेकदा भाड्याची असते, म्हणजे एखादी शाळा किंवा थिएटर. तिथली मेहनत कोणत्याही रीलमध्ये दिसत नाही. पहाटे ट्रेलर येतो, स्वयंसेवक स्पीकर, पडदे, केबल, लहान मुलांच्या खेळण्यांचे खोके, कॉफीची मशिन्स उतरवतात आणि दोन-तीन तासांत शाळेच्या हॉलचं चर्च होतं. दुपारी सगळं पुन्हा ट्रेलरमध्ये. आपल्याकडे सार्वजनिक उत्सवाचा मांडव घालणारे कार्यकर्ते हे काम वर्षातून एकदा करतात. इथे ते दर आठवड्याला होतं.

गॅरेजमधून सुरू झालेलं लाइफ.चर्च

या पद्धतीचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे लाइफ.चर्च. जानेवारी १९९६ मध्ये क्रेग ग्रोशेल नावाच्या तरुण पास्टरने ओक्लाहोमा राज्यात मोजक्या लोकांना घेऊन हे चर्च सुरू केलं, तेही दोन गाड्या मावतील एवढ्या गॅरेजमध्ये. ग्रोशेल आधी मेथडिस्ट चर्चमध्ये होते. नव्या चर्चचं नाव होतं लाइफ कव्हेनंट चर्च, आणि ते इव्हँजेलिकल कव्हेनंट चर्च या पंथाशी जोडलेलं होतं.

२००१ साल निर्णायक ठरलं. एडमंड शहरातलं मेट्रोचर्च नावाचं दुसरं चर्च यांच्यात विलीन झालं आणि अचानक एका चर्चच्या दोन जागा झाल्या. त्याच सुमारास ग्रोशेल यांच्या चौथ्या अपत्याचा जन्म झाला आणि त्यांना रविवारी उभं राहणं जमेना. तेव्हा त्यांच्या प्रवचनाचं रेकॉर्डिंग दाखवण्यात आलं. लोक उठून गेले नाहीत, त्यांनी ऐकून घेतलं. तिथून व्हिडिओ प्रवचनाची सवय लागली.

आज लाइफ.चर्चचे अमेरिकेतल्या डझनभर राज्यांमध्ये मिळून ४० पेक्षा जास्त कॅम्पस आहेत.

दारापासून पार्किंगपर्यंत: एक उपासना

अशा चर्चमधली उपासना साधारण एक ते सव्वा तासाची असते. आत काय घडतं हे बाहेरच्या माणसाला उत्स्फूर्त वाटतं. प्रत्यक्षात त्याचं मिनिटा-मिनिटाचं वेळापत्रक असतं.

सुरुवात हॉलच्या कितीतरी आधी, रस्त्यावर होते. चमकदार जॅकेट घातलेले स्वयंसेवक गाड्या लावून देतात. दाराशी दुसरे स्वयंसेवक हसून स्वागत करतात. लॉबीत कॉफी असते. पहिल्यांदा आलेल्यांसाठी वेगळं टेबल असतं.

सोबत लहान मुलं असतील तर आधी त्यांची नोंदणी. मुलाच्या शर्टावर एक स्टिकर लागतं आणि त्याच क्रमांकाची दुसरी चिठ्ठी आई-वडिलांना मिळते. उपासना संपल्यावर दोन्ही क्रमांक जुळले तरच मूल ताब्यात मिळतं. मुलांचा कार्यक्रम वेगळ्या खोल्यांमध्ये, वयोगटानुसार असतो. जाणकार सांगतात की कुटुंब पुन्हा येणार की नाही हे बऱ्याचदा इथेच ठरतं. मूल गाडीत बसल्यावर 'पुढच्या रविवारी पण जाऊ या' म्हणालं की काम झालं.

मुख्य हॉलमध्ये पडद्यावर घड्याळाची उलटी मोजणी चालू असते. शून्य आलं की बँड सुरू. तीन-चार गाणी होतात. शब्द पडद्यावर येत राहतात, त्यामुळे गीतांचं पुस्तक कोणाच्या हातात नसतं. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांमध्ये 'उपासना संगीत' उघडून क्रमांक शोधण्याची सवय असलेल्याला हे जरा चुकल्यासारखं वाटेल. नारायण वामन टिळकांच्या भजनांपासून किती तरी पिढ्यांची गाणी त्या एका पुस्तकात मिळतात. या चर्चमधली बरीचशी गाणी मात्र गेल्या काही वर्षांतली असतात, आणि ती येतात हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन अशा मोजक्या चर्चच्या बँडकडून. हिलसाँगच्या 'व्हॉट अ ब्युटिफुल नेम' या गाण्याला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं. गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवायचे तर चर्चला परवाना घ्यावा लागतो आणि त्यातून रॉयल्टी गीतकारांपर्यंत जाते. म्हणजे ओक्लाहोमातल्या रविवारचे पैसे सिडनीत पोहोचू शकतात.

वादकांच्या कानात इअरपीस असतात. त्यात ठेक्याची टिकटिक वाजत असते आणि 'पुढे कोरस', 'आता शेवट' अशा सूचना येतात. हा थाट फक्त सफाईसाठी नसतो. समजा प्रवचन सगळीकडे एकाच वेळी थेट दाखवलं जातंय. मग एका गावातला बँड भावनेच्या भरात शेवटची ओळ चार वेळा जास्त गायला, तर पडद्यावर पास्टर बोलायला लागलेले असतील आणि इथे ड्रम्स चालूच असतील. म्हणून गाणी कितीही मनापासून गायली तरी घड्याळ बघूनच थांबावं लागतं. काही चर्चेस यावर तोडगा म्हणून शनिवारचं रेकॉर्डिंगच रविवारी दाखवतात किंवा प्रक्षेपण आपल्या सोयीने थोडं मागे ठेवतात.

गाण्यांनंतर त्या ठिकाणचे पास्टर दोन-तीन मिनिटं बोलतात: स्वागत, सूचना, अर्पणाबद्दल दोन शब्द. पिशवी फिरवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी मागे पडली असून दान ॲपवरून दिलं जातं.

मग दिवे मंद होतात आणि प्रवचन सुरू होतं. मधल्या पडद्यावर पास्टरची आकृती साधारण माणसाच्या उंचीएवढी दिसेल असा कॅमेरा अनेक जण लावतात. काही मिनिटांत मेंदू सरावतो. खरं तर ज्या चर्चमध्ये पास्टर प्रत्यक्ष स्टेजवर असतात तिथेही मागच्या रांगांतले लोक पडद्याकडेच बघत असतात, आणि या पद्धतीचे समर्थक नेमका हाच मुद्दा पुढे करतात.

प्रवचनं सहसा चार-सहा आठवड्यांच्या मालिकेत असतात. विषय रोजचे: चिंता, पैसा, लग्न, माफ करणं. शेवटी प्रार्थना होते आणि येशूचा स्वीकार करू इच्छिणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं जातं. इथे पडदा पुन्हा काळा होतो आणि स्थानिक पास्टर समोर येतात, कारण हात कोणी वर केला ते पडद्यावरच्या माणसाला दिसत नाही.

लोक बाहेर पडतात तेव्हा पुढच्या उपासनेचे लोक आत यायला लागलेले असतात. मधल्या वेळात खुर्च्या सरळ करणं, कॉफी पुन्हा भरणं आणि मुख्य म्हणजे पार्किंग रिकामं करणं. प्रवचन दहा मिनिटं लांबलं तर बाहेर रस्त्यावर ट्रॅफिक तुंबतो, हे एक कारणही प्रवचनाच्या लांबीवर लक्ष ठेवायला पुरेसं असतं.

मग पडद्यावर नसलेले पास्टर काय करतात?

प्रत्येक कॅम्पसला एक 'कॅम्पस पास्टर' असतो. तो फारसं प्रवचन देत नाही. स्वयंसेवक उभे करणं, लोकांना ओळखणं, लग्न लावणं, दवाखान्यात जाऊन येणं, मर्तिकाला उभं राहणं ही त्याची कामं. बाप्तिस्माही त्या-त्या ठिकाणीच होतो. त्यासाठी कुठे स्टेजवर पाण्याची टाकी असते, कुठे अंगणात टब. प्रभुभोजनाचंही तसंच, भाकर आणि द्राक्षरस पडद्यातून देता येत नाही.

थोडक्यात, या चर्चने पास्टरच्या कामाचे दोन तुकडे केलेत. शिकवण्याचं काम केंद्रातून होतं आणि सांभाळण्याचं काम जागेवर.

सगळा वाद इथूनच सुरू होतो. मराठी ख्रिस्ती लोक पास्टरला 'पाळक' म्हणतात. बायबलमधली मेंढपाळाची उपमा त्या एका शब्दात आहे, आणि मेंढपाळ कळप ओळखतो. जो माणूस रविवारी तुम्हाला बोलतो त्याला तुमची नोकरी गेल्याचं माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो रविवारी बोलत नाही. टीकाकारांचं म्हणणं असं की प्रवचन हे त्या गावच्या, त्या आठवड्याच्या दुःखाला धरून असायला हवं. गावात कारखाना बंद पडला, पण पडद्यावरची मालिका ठरल्याप्रमाणे पुढे चालली, तर ऐकणाऱ्याने काय करायचं? शिवाय व्हिडिओमुळे नवे उपदेशक तयारच होत नाहीत. कॅम्पस पास्टरला दर रविवारी बोलायची संधी मिळाली नाही तर तो शिकणार कधी?

समर्थकांचं उत्तर वेगळं आहे. चांगला वक्ता प्रत्येक गावाला मिळत नाही. तयारीचा बोजा उतरल्यावर स्थानिक पास्टरला माणसांसाठी खरोखर वेळ मिळतो. या चर्चमध्ये आठवड्याला घरी भरणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटांवर भर असतो तो याचसाठी. हॉलमध्ये जी ओळख होत नाही ती तिथे व्हावी. गटात न जाता फक्त रविवारी येऊन जाणारा माणूस मात्र या व्यवस्थेत वर्षानुवर्षं अनोळखी राहू शकतो. काहींना तेच हवं असतं, हेही खरं.

पैशांचा प्रश्न याला जोडूनच येतो. दान गावातून येतं, खर्चाचा निर्णय केंद्रात होतो. अमेरिकेत इतर धर्मादाय संस्थांना करखात्याकडे दरवर्षी आर्थिक विवरण भरावं लागतं आणि ते कोणालाही बघता येतं. चर्चना त्यातून सूट आहे. त्यामुळे किती उघड करायचं हे बहुतांशी चर्चच ठरवतं.

आणि तो एक माणूस गेला तर?

सिॲटलचं मार्स हिल चर्च हे याचं सगळ्यात कडू उदाहरण. तेही १९९६ मध्येच सुरू झालं होतं. मार्क ड्रिस्कॉल यांची प्रवचनं व्हिडिओवरून पाच राज्यांतल्या १५ ठिकाणी जायची. सहकाऱ्यांशी दांडगाईने वागल्याचे आरोप वाढत गेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्याच्या शेवटी चर्च विसर्जित करण्याचा निर्णय जाहीर झाला. २०१५ उजाडताना मार्स हिल नावाचं चर्च उरलं नव्हतं. काही कॅम्पस स्वतंत्र चर्च म्हणून नव्या नावाने उभे राहिले, काही बंद झाले. ज्या लोकांचा ड्रिस्कॉल यांच्याशी कधी प्रत्यक्ष संबंधही आला नव्हता, त्यांचंही चर्च गेलं. 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाने २०२१ मध्ये यावर पॉडकास्ट काढला आणि तो चर्चबाहेरच्या लोकांनीही ऐकला.

हिलसाँगचे संस्थापक ब्रायन ह्यूस्टन यांनी मार्च २०२२ मध्ये पद सोडलं तेव्हाही अमेरिकेतल्या त्यांच्या अनेक शाखा वेगळ्या झाल्या किंवा बंद पडल्या.

सगळीकडे असंच होतं असं नाही. कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक चर्च १९८० मध्ये सुरू करणारे रिक वॉरन २०२२ मध्ये निवृत्त झाले, अँडी वुड यांनी सूत्रं घेतली आणि चर्च चालू राहिलं. काहींनी तर आधीच वेगळा रस्ता धरला. न्यूयॉर्कच्या रिडीमर चर्चचे टिम केलर २०१७ मध्ये मुख्य पदावरून बाजूला झाले तेव्हा एकाच वारसाला सगळं सोपवण्याऐवजी तीन ठिकाणच्या मंडळ्यांची तीन स्वतंत्र चर्चेस करण्यात आली. त्याच वर्षी टेक्ससमधल्या द व्हिलेज चर्चनेही आपले सगळे कॅम्पस टप्प्याटप्प्याने स्वतंत्र करायचं ठरवलं. तिथे आता समोर उभा असलेला माणूसच बोलतो.

या सगळ्याचा मराठी वाचकाशी संबंध काय?

कदाचित तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाच्या फोनमध्येच आहे. 'यूव्हर्जन' नावाचं मोफत बायबल ॲप लाइफ.चर्चने बनवलंय. तिथल्या बॉबी ग्रुनेवाल्ड यांना त्याची कल्पना २००६ मध्ये शिकागोच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या रांगेत सुचली. आधी वेबसाइट निघाली, आणि जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा पहिल्याच तुकडीत हे ॲप होतं. २०२१ पर्यंत ते ५० कोटी वेळा डाउनलोड झालं. त्यात मराठी बायबलही आहे, आणि अनेक मराठी मंडळ्यांमध्ये वचन वाचायची वेळ आली की निम्मे लोक पुस्तक उघडतात, निम्मे फोन.

इंटरनेटवरची उपासनाही याच चर्चने २००६ मध्ये सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी 'सेकंड लाइफ' या आभासी जगातही एक कॅम्पस काढून पाहिला. पुढे ऑनलाइन उपासनेचं सॉफ्टवेअर त्यांनी इतर चर्चनाही फुकट दिलं. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे जगभरातली चर्चेस बंद झाली तेव्हा अनेकांना ते तयारच मिळालं.

मुंबई-पुण्यातही शाळेच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलच्या बँक्वेटमध्ये भरणाऱ्या, एकाच नावाने दोन-तीन उपनगरांत उपासना घेणाऱ्या मंडळ्या आहेत. मात्र इथे एकच व्हिडिओ सगळीकडे लावणं तितकंसं सोपं नाही, कारण सकाळी इंग्रजी, दुपारी हिंदी आणि संध्याकाळी मराठी असं वेळापत्रक असेल तर प्रत्येक भाषेला आपला बोलणारा लागतोच.

ओक्लाहोमातली उपासना थेट बघायची असेल, तर वेळेचं गणित लक्षात ठेवा. तिथे शनिवारी संध्याकाळी पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट असते, उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार.